जागेचा दोष

त्या वळणाला आम्ही सगळेच नारळ देत आलो.
बंदरावरून निघालेली पहिली गाडी
पहाटे साडेचारला तिथे हॉर्न द्यायची
देवचाराला. समोरून येणाऱ्याला नव्हे.
एक विडी, कधी चपटीतला घोट,
आणि काच वर.
जागा वाईट, म्हणायचो आम्ही.
जागा मागते.

तीन वर्षांत सात जण घसरले.
सातही दुचाकीवाले, सातही पहाटेचे,
त्यातले पाच तर भर मे महिन्यात,
जेव्हा विहिरींनाही ओल नसते.
हे कुणी मांडून पाहिलं नाही.

आठवा आग्नेल,
वित्तोर लोबो पोदेराचा.
पाव विकायला निघालेला.
लाद्या रस्ताभर पसरल्या होत्या, गरम,
आणि खालून भिजत होत्या.
मी दुसऱ्या खेपेला तिथून गेलो तेव्हा
कावळे पाव उचलत होते
आणि पोलीस खडूने काहीतरी आखत होते.

हवालदार तेजश्री कुबल नवी बदलून आलेली.
तिने गुडघा टेकला, डांबरावर बोट फिरवलं,
आणि हुंगलं.
मग जमलेल्या आम्हा सगळ्यांकडे बघून विचारलं,
"देवचार बांगडे खाता काय रे?"

कुणी हसलं नाही.
गाडीखालचा नळ आम्ही वळणाआधीच सोडायचो.
बर्फाचं पाणी, रक्त, खवलं, माशांचं तेल.
पुढे चढण आहे,
ओझं हलकं झालेलं बरं.
डिझेल वाचतं, शेठ खूश.
मला हे कुणी शिकवलं नाही,
पुढच्या गाडीचं बघून मागची करते.

मासळी लिलावाच्या शेडमध्ये सभा झाली.
बॅनर, माईक, जिल्ह्याहून आलेले साहेब.
साहेब अर्धा तास बोलले,
आम्ही चहाची वाट बघितली.
मग वित्तोर उठला, पिशवीतून हेल्मेट काढलं
आणि टेबलावर उपडं केलं.
नाणी. शहाऐंशी रुपये.
"हेल्मेट होता," तो म्हणाला.
"सुट्टे ठेवूक."
आणि जाऊन परत शेवटच्या बाकावर बसला.
एक नाणं बराच वेळ गोल फिरत होतं.

पहिली पावती कुबलबाईने फाडली
ती सख्ख्या काकाच्या टेम्पोची.
काका त्या चतुर्थीला तिच्याकडे जेवायला आला नाही.
दुसरी, तिसरी, बारावी.
मग गाड्यांखाली टाक्या आल्या, निळे कॅन आले,
जेटीवर पाणी ओतायला खड्डा झाला
आणि त्या खड्ड्यावरून भांडणंही झाली.
मुली शाळेत जाताना आमचे नंबर वहीत उतरवू लागल्या.
त्यातली एक माझी पुतणी.

तिसऱ्या आठवड्यात मलाही थांबवलं.
"विसरलो," म्हणालो.
विसरलो नव्हतो.
रात्र होती, रस्ता मोकळा होता,
हात आपोआप नळाकडे गेला,
आणि मी त्याला जाऊ दिलं.
पावती अजून डॅशबोर्डमध्ये आहे,
सांताक्रूसच्या फोटोमागे. तो फोटो क्लीनरचा.

सगळं थांबलं असं नाही.
घाटापलीकडच्या गाड्या अजून गळतात.
म्हणून वित्तोर रोज भट्टीची राख आणतो,
पत्र्याच्या डब्यातून वळणभर पसरतो,
अंगणात रांगोळीआधी सारवावं तसं, मागे मागे सरकत.
मी गाडी हळू करतो. काच खाली.
तो हात वर करतो.
तो नमस्कार नसतो.
वाकतो, बॅटरी मारतो, नळ बघतो,
बोट लावून बोट हुंगतो,
मगच जा म्हणतो.
ओळखीचा म्हणून कधी सोडत नाही.

एकदा विचारणार होतो त्याला,
त्या पहाटे कुणाची गाडी पुढे होती, काही कळलं का.
विचारलं नाही.
नारळ आता देत नाही मी.
देवचाराचं काय ते त्याचं तो बघेल.
त्या पहाटे अकरा गाड्या गेल्या वळणावरून.
अकरांतली एक माझी होती.