भाव

बुटीबोरीच्या शेडमध्ये जर्मन साहेब
बेअरिंग बोटावर फिरवून पाहतो.
दहा वर्षांमागे त्याच्याच दारी
पराते पाच तास बसले होते
मांडीवर सॅम्पलचा डबा घेऊन.

आता तो विचारतो, यापेक्षा कमी?
पराते चहा बशीत ओततात, फुंकर मारतात.
"मशीन तुमचंच आहे. भंगारात घेतलं होतं."

साहेब हसतो, अर्धाच.

पंचेचाळीस डिग्रीत बाहेर कंटेनर भरून राहिला.
परातेंना झिरो माइलचा दगड आठवतो :
जग इथून मोजायचं, असं ज्यानं ठरवलं
तो गेला.
दगडाजवळ आता ऑटो उभे राहतात.

फोन वाजतो. हनोईचा कुणी पोरगा,
मोडकं इंग्रजी, घाई नाही आवाजात.
बशीतल्या चहावर साय धरते.

"काय म्हणतो?" लेक विचारते.
"भाव सांगून राहिला, बाप्पा."