गॅस बंद केल्यावर

शिरोलीच्या फाउंड्रीत एकवीस वर्षं
लोखंडाचं पाणी करतोय मी.
नुसता रंग बघून सांगतो
ओतायचं, की थांबायचं.
पण परवा कढईत
चीजची वाळू झाली माझ्या हातनं.

वाळूच.
मॅकरोनीवर दाणेदार पिवळा चोथा,
कडेनं सुटलेलं तेल.
संहितानं काट्यानं एकेक नळी उचलली,
झटकली, खाल्ली,
आणि ताट सरकवलं, तेही हळूच,
परक्याच्या घरी सरकवावं तसं.

पद्मजाची सीपीआरला रात्रपाळी.
तिच्या लेकीसाठी मी अजून "काका"सुद्धा नाही,
मी "ते".
"ते आले का?" "त्यांना सांग."
दीड वर्ष झालं रजिस्टर लग्नाला.
बारा वर्षांच्या पोरीला घाई करू नये,
एवढं मला कळतं.
पांढरा रस्सा करून बघितला. खाल्ला तिनं.
तांबडा केला, तोही खाल्ला.
पण मॅकरोनीचं नाव निघालं
की मान जरा वर येते,
एवढं टिपून ठेवलेलं.

दुसऱ्या खेपेला पाकिटातलं किसलेलं चीज आणलं.
त्याला कसलीशी पूड चोळलेली,
एक कीस दुसऱ्याला धरेना.
कष्टाचं चीज होतं म्हणतात.
आधी काय काय होतं, ते कुणी सांगत नाही.

आज कामावरनं सरळ गंगावेशीत गेलो.
म्हशी कट्ट्यावरच उभ्या,
डोळ्यांदेखत धार, फेसासकट किटलीत.
"बासुंदी काय आज?" मल्लू गवळ्यानं विचारलं.
मॅकरोनी म्हटल्यावर त्याला ती समजावून सांगावी लागली,
मग ती वाळू, ते तेल, सगळंच.
तो म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला,
"खरवस कधी जाळावर केलाईस व्हय?
वाफंवर हुतंय ते."

घरी येऊन दूध तापवलं, साय काढली नाही.
लोणी दोन चमचे, मैदा दोन चमचे,
कच्चा वास जाईस्तोवर परतला,
रंग यायच्या आत थांबलो
(हे मला जमतं, रंगाच्या आत थांबणं).
दूध ओगराळ्यानं, थोडं थोडं,
दुसऱ्या हातानं रवी.
मोहरीची पूड चिमूटभर.
मॅकरोनी जरा करकरीत असतानाच गाळली,
तिची पेज वाटीभर बाजूला ठेवली.
चीजची वडी आणून स्वतः किसली,
बोटाचं थोडं कातडंही गेलं.

आणि मग
एकवीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं.
ऐन वितळवायच्या वेळी
जाळ बंद केला.

कढई ओट्यावर उतरवली. शंभर मोजले.
मूठ मूठ चीज सोडत गेलो.
आमच्याकडं लोखंड चौदाशेच्या पुढं बोलायला लागतं.
हे नुसत्या उबेला विरघळलं,
आवाज नाही, ठिणगी नाही,
मी बघत उभा, रवी हातात तशीच.
मॅकरोनी घातली. दोन चमचे पेज.
कोअर काढलेल्या कास्टिंगसारख्या त्या पोकळ नळ्या,
प्रत्येकीत सॉस आतपर्यंत गेला.
एकही ब्लोहोल नाही.
आमच्या इन्स्पेक्टरनं पास केली असती.

संहितानं एक चमचा खाल्ला.
उठली. मला वाटलं, झालं.
तर फळीवरनं कांदा-लसूण चटणीची बरणी काढली,
तांबडी भुरभुर केली वर,
आणि पुन्हा बसली.
कढईच्या कडेचंसुद्धा खरवडलं तिनं.
"मीठ कमी पडलंय," म्हणाली,
भिंतीकडं नाही, माझ्याकडं बघून.
मग जराशानं,
"आईला ठेवा थोडं. सकाळी येईल ती."

ठेवलं.
गार झाल्यावर घट्ट होणार ते,
म्हणून उरलेल्या पेजेवर
ताटली झाकली,
आणि मिठाचा डबा
शेजारी ठेवला.