अकरा मुली, बारा मुलगे

नववीच्या पुस्तकात अणू म्हणजे
ताटलीत रचलेले दोन रंगांचे लाडू
आणि भोवती कंपासने काढलेली वर्तुळं.
खोटं आहे, मी म्हटलं, चला,
आणि वर्ग घेऊन आगरवाड्याच्या मिठागरात उतरले.
एप्रिल. बांधाचा चिखल कोमट, वर मिठाची करकर.

पटावर अकरा मुली, बारा मुलगे:
अकरा प्रोटॉन, बारा न्यूट्रॉन.
सोडियमचं केंद्रक त्या दिवशी पूर्ण हजर होतं.
दाटीवाटीने उभे राहा, खांद्याला खांदा,
आणि समजा, तुम्ही सगळे मिळून
मिरीचा एक दाणा.
मग अणू केवढा?
इथून पार शापोऱ्याच्या काठापर्यंत.
आणि मधे काय, टीचर?
काही नाही.
हवासुद्धा नाही.

इलेक्ट्रॉन व्हायला मुलंच उरली नव्हती.
सुकांतीने बगळे सुचवले.
बगळे अकरा नव्हते, आणि मोजेपर्यंत जागा बदलत होते.
म्हटलं, चालेल. उलट तेच बरोबर.
प्रोटॉनचे अठराशे छत्तीस वाटे केले
तर त्यातला एक वाटा इलेक्ट्रॉन:
तराजूला त्याचा पत्ताही लागत नाही,
पण मीठ व्हायचं की नाही ते तोच ठरवतो,
सोडियमच्या दारातून निघून
क्लोरीनकडे राहायला जातो.

फटीमामा फळी ओढायचे थांबले.
डोक्यावरची चुंबळ सारखी करत म्हणाले,
"बाये, सगळें रितें, मागीर ही पांटली जड कित्याक?"
चाळीस वर्षं मानेने विचारलेला प्रश्न.

सांगितलं, जमेल तसं:
प्रोटॉनच्या आत तीन क्वार्क,
त्यांचं स्वतःचं वजन शंभर किलोंत किलोभर.
बाकी सगळा भार
त्यांच्या आतल्या धावपळीचा
आणि एकमेकांना धरून ठेवण्याचा.
मामा पाटीकडे बघत राहिले.
पटलं नसावं. पण उचलताना
नेहमीपेक्षा थोडे हळू वाकले.

एवढ्यात नवसो रुसून बांधावर जाऊन बसला होता,
कुणीतरी त्याला बिनभाराचा म्हटलं म्हणून.
पुढचा मुद्दा नेमका तोच होता:
सोडियमच्या केंद्रकात न्यूट्रॉन युगानुयुगं टिकतो,
बाहेर एकटा पडला की
सरासरी पंधराएक मिनिटं.

नाही सांगितला.
घड्याळ पाहिलं,
आणि सुकांतीला म्हटलं,
जा, त्याला घेऊन ये.