वळसा

कनुभाई पहाटे वाघोडियाकडच्या गोठ्यांतून फिरतात,
हातात बॅटरी, तोंडात रबरी नळी,
म्हशीमागच्या भिंतीवरून
एकेक डास श्वासाने उचलतात.
नऊला माझ्या टेबलावर पेला, वर जाळी, ओला कापूस.
"बेन, आज बावीस. सगळ्या पोटभर प्यायलेल्या."

अर्धगर्भार मादीच कामाची.
सुईने बीजकोश काढायचा, रंगात बुडवायचा,
काचेवर काच, आणि अंगठ्याचा दाब
टिकली चिकटवताना देतो तेवढाच.
मग गुणसूत्रं पसरतात,
जांभळ्या पट्ट्यापट्ट्यांच्या नाड्या.

बाहेरून या जाती वेगळ्या दिसत नाहीत.
तोच पंख, तीच भिंत, तीच म्हैस.
फरक आत: एकीत एक तुकडा उलटा शिवलेला.
डासाला जात विचारायची
तर आधी त्याला मारावं लागतं.

त्यांचं आपसांत जमत नाही, असं मला शिकवलं.
जमलंच, तर मुलगे वांझ निघतात.
मुलींबद्दल पुस्तकात अर्धीच ओळ होती.

अकरा वर्षं, सहा हजारांवर काचा.
परवा एकीत वळसा दिसला.
दोन धागे शेजारी शेजारी चालत आलेले,
उलट्या तुकड्यापाशी थबकले,
आणि जुळायचं म्हणून एकानं अंग फिरवलं,
पुरती गिरकी,
मग पुन्हा दोघं सरळ.

कुठल्या गोठ्यात, कुठल्या तिन्हीसांजेला,
कोण चुकलं?
नोंदवहीत दोनच रकाने. मी पेन्सिलीनं तिसरा आखला.
साहेब म्हणाले, रंग नीट चढला नसेल, सोडून द्या.

फवारणीवाले सांगतात, औषध पूर्वीसारखं लागत नाही.
विष पचवायला कुणी कुणाला शिकवलं असेल?
एखादी मुलगीच आली असेल घेऊन,
पदराखाली एवढंसं काही,
बाकी सगळं तिकडेच ठेवून.

रात्री सांगलीहून मामेबहिणीचा फोन.
"येतेस ने दिवाळीला?" मी म्हटलं.
ती हसत सुटली. हे 'ने' कुठलं गं?
मला ऐकूच आलं नव्हतं.
आई म्हणायची का? की दांडिया बाजारातल्या
भाजीवालीकडून सुटे पैसे घेताना
हातात आलं?

दंडावर एक बसली, मागचं अंग वर उचलून.
कोणती, ते असं बसल्यावर कळत नाही.
मी हात उगारला, आणि तो तसाच राहिला.
पोटात चढणारं रक्त तेवढं माझं होतं,
आणि तेही, आता म्हटलं तर,
कुणाकुणाचं.