पाच नंबर

हर्षला नाखवाची बोटं पुढे जातात
आणि अक्षरं मागून येतात,
दोन्ही हातांत पिशव्या असलेल्या माणसासारखी, थांबत थांबत.
ती 'महाराष्ट्र शासन' लिहून हात मांडीवर ठेवते,
पडद्यावर अजून 'महारा'.
परीक्षा सोळा दिवसांवर. मिनिटाला तीस शब्द.

दिलशाद राबोडीहून आला.
स्कूटर चालूच ठेवून दारातून म्हणाला,
"मॅडम, याचं वय झालं.
डिस्क बदला, रॅम वाढवा, पाच हजारांत बसवतो."
अर्ध्या बॅचची फी अजून यायची आहे.
मी म्हटलं, बघते.
बघते म्हणजे नाही, हे त्यालाही कळतं.

साडेनऊला शेवटची मुलं गेली,
उथळसर नाक्यावरचा इस्त्रीवालाही उठला.
शटर अर्धं ओढलं आणि पाच नंबरची पाठ उघडली.
आत राखाडी गोधडी.
मखर रंगवायचा ब्रश कोरडा होता, तोच फिरवला.
पंख्यातून निघाली एक टिकली,
स्टेपलरच्या तीन पिना,
आणि कुणाच्या तरी केसांचं बोटभर वेटोळं.

मग सुरू होताना कोण कोण उठतं, ती यादी काढली.
बावीस जण!
एक हवामान सांगणारा, खिडकी हातभरावर असताना.
दोन पहारेकरी, एकमेकांवरच संशय घेत अहोरात्र जागे.
आणि एक, जो रोज सकाळी
प्रिंटरला हाक मारतो.
तो प्रिंटर मी तीन वर्षांपूर्वी
दीडशे रुपयांना भंगारात दिला.
हा हाक मारतो, थांबतो, पुन्हा मारतो,
तोवर बाकीचे रांगेत.
बस बाबा आता, म्हटलं, आणि त्याच्यापुढची खूण काढली.

तात्पुरत्या फायली :
नाव तात्पुरत्या, मुक्काम सहा वर्षांचा.
सराव, सराव नवीन, सराव खरा नवीन,
सगळ्यांत तोच उतारा, पाण्याचे महत्त्व,
कुठे 'पाण्याचे' पाणी उडालेलं, कुठे 'महत्त्वा'तला एक त.
नक्की काढून टाकायचे?
हो. हो. हो.

'उतारा ९ अ' बोट घसरून उघडला.

*प्रति,*
*माननीय आई,*
*विषय : घरातून जाण्याची परवानगी मिळणेबाबत.*
*महोदया,*
*उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की*
*मी सांगितले तर तुम्ही रडाल*
*व न सांगितले तर मी.*
*तरी सदर अर्जाचा सहानुभुतीपूर्वक विचार व्हावा.*
*आपली विश्वासू,*

पुढे नाव नाही.

समास बरोबर सोडलेला.
'भू' ऱ्हस्व पडलाय, एक चूक.
सवयीने मी पेन्सिल शोधली.
तारखेवरून बॅच लागली, सकाळची साडेसातची,
बारा मुली. एकेक चेहरा आणून बसवून पाहिला
या खुर्चीवर.
कोण गेली, कोण राहिली, ते माझ्या वहीत नसतं.
माझ्या वहीत फक्त कोण पास.

फाईल केवढी, पाहिलं : चौदा केबी.
एवढ्याने वेगाला काही फरक पडत नाही.
ठेवली.

मग डिस्कभर विखुरलेले तुकडे शेजारी शेजारी आणायला सांगून
मशीन चालूच ठेवलं,
कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं.

सकाळी हर्षला बसली.
बोट पडलं तिथे अक्षर.
ती दचकली, जिन्याची पायरी संपलीये हे न कळता
पाऊल टाकावं तशी.
घड्याळ लावलं. मिनिट झालं.
सव्वीस शब्द, पाच चुका.

काल या सगळ्या चुका पाच नंबरच्या होत्या.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी तिचं काहीतरी काढून टाकलंय, न विचारता.
"मॅडम," ती म्हणाली, "चार नंबरवर बसू का?
तो जरा हळू आहे."