मोजणी

ओस्त्राव्यात, आठव्या मजल्यावरच्या बंद गच्चीत
चार फूट जमीन आहे माझ्या मालकीची.
काचेच्या भिंती, वर जाळी.
तळाला खडी, मग कोळशाचा चुरा, सवय जात नाही,
त्यावर वीतभर माती,
बर्चची पानं, शेवाळ, ओकची एक कुजकी साल.
इथे सात साप राहतात.
आज दिसले दोन.

जुन्या व्यायामशाळेत रविवारी बाजार भरतो.
प्लास्टिकच्या डब्यांत पांढरे, केशरी, लाल डोळ्यांचे,
नावं पेस्ट्रीची, किंमत सोन्याची.
मी म्हटलं, साधे द्या. रानात असतात तसे.
दाढीवाल्या पोराने टेबलाखालून डबा काढला.
"हे? नुसते तपकिरी. पेन्सिलीएवढे.
पानांत गेले की आजी, तुम्हाला सापडायचे नाहीत."
म्हटलं, बांध.

एकोणतीस वर्षं खाणीच्या दिवाखोलीत उभी होते मी.
जाणाऱ्याला दिवा, त्याचा पितळी बिल्ला खिळ्याला.
येणाऱ्याचा दिवा आत, बिल्ला त्याच्या हातात.
पाळी सुटली की चहा,
पण आधी भिंत रिकामी झालेली पाहायची.
खाली ते काय करत, कसे वाकत, काय खात,
मी कधी पाहिलं नाही.
मला ठाऊक फक्त आकडा.

तीनशे अठरा एकदा खिळ्यावरच राहिला.
येरोनिम हावरान. दिवा घेताना म्हणायचा,
काचेवर फुंकर मार बाई, बरं असतं.
मारायचे. त्या दिवशीही मारली होती.
सहा दिवस उपसत होते.
सातव्या दिवशी आग कोंडायला बोगदा बांधून काढला.
बिल्ला कोणी मागितला नाही.
शिवणाच्या डब्यात आहे, बटणांत.

शेजारची श्तेपान्का म्हणते, दिसत नाही, हाकेला येत नाही,
मग पाळायचं कशाला?
मी तिला काच दाखवते:
दवावरून ही रेघ गेली, रात्री कुणीतरी फिरलं.
हे पान काल पालथं नव्हतं.
आणि तुझ्या कोबीवरची ती गोगलगाय, बिनशंखाची,
आहे का बघ.
ती बघते, चष्मा पुसते, पुन्हा बघते.
"माती दिसतेय," म्हणते.
हो ना.

एकच नियम आहे. उकरायचं नाही.
सालीखाली कांद्याच्या पापुद्र्यासारखी कात मिळाली तर घ्यावी,
खाली हात घालू नये.

नोव्हेंबरात दिवा बंद केला. ते उतरले.
रात्री उणे अकरा झालं तेव्हा पेटीवर रजई टाकली
आणि स्वतः स्वेटर घालून झोपले.
मार्चात पहिला वर आला, नाकावर चिखल,
दोन दिवसांनी तिघे, मग एक,
सहावा थेट पाण्याच्या ताटलीत.
सातवा नाही.
एप्रिल. सातवा नाही.
हात शिवशिवायचे. भांडी घासायचे मी, स्वच्छ असलेलीही.
मे महिन्यात एकदा चमचा घेऊन गच्चीत गेले,
तासभर उभी राहिले,
त्याच चमच्याने चहा ढवळला.

ऑगस्टच्या एका सकाळी फवारा मारायला जाळी उचलली
तर शेवाळात काडेपेटीतल्या काड्या सांडल्यासारखं काहीतरी,
आणि काड्या चालत होत्या.
मानेभोवती फिकट पट्टा, डोळे खसखशीएवढे.
मोजले. चष्मा लावून मोजले.
एका कागदावर चार-चार उभ्या रेघा, त्यांवर आडवी,
दिवाखोलीत लिहायचे तसंच:
नऊ, अकरा, एक सालीआड गेला,
पुन्हा पहिल्यापासून, तेरा.

उतरलेल्यांपेक्षा वर आलेले जास्त,
असं त्या वहीत एकदाही लिहिलं नव्हतं मी.
कुठल्या रकान्यात घालायचं तेही कळेना.

सातवा अजून दिसलेला नाही.

श्तेपान्काला फोन केला.
म्हटलं, गोगलगायींवर मीठ टाकू नकोस या आठवड्यात.
मला लागतील.
बारीकातल्या बारीक.