टाकी ते टाकी

मॅडमनी बोनेटवर बिल ठेवलं, बिलावर चष्मा.
"शालिक, अठराची गाडी पंधरावर कशी आली?
पेट्रोल जातं कुठे?"
जातं कुठे म्हणजे नेतं कोण,
एवढं मराठी ड्रायव्हरला कळते.
मी टायर पाहिले. मे महिना, सकाळचे साडेआठ,
धंतोलीच्या डांबराला तेव्हाच चटका होता.
"हवा तेहतीस आहे, मॅडम," म्हटलं.
दुसरं काय म्हणणार.

बावीस वर्षं झाली स्टिअरिंगला.
कामठीचे हनीफ उस्ताद ट्रकवर शिकवायचे,
शिवी नाही, टप्पल नाही,
एवढंच म्हणायचे: पायाखाली पापड आहे समज.
दाबायचा, मोडायचा नाही.
मोडला तर आवाज मला येतो
आणि जेवण तुझं कमी होते.

तेव्हापासून रहाटे कॉलनीचा लाल दिवा
मी जेलच्या भिंतीपासूनच पाहतो.
पाय उचलतो, गिअर राहू देतो,
गाडी आपल्या वजनानं चालत जाते,
म्हैस संध्याकाळी गोठ्याकडे जाते तशी.
व्हेरायटी चौकात नव्वदचा आकडा दिसला की चावी बंद.
मॅडम मागे पेशंटचे रिपोर्ट वाचत असतात,
इंजिन थांबलं हे त्यांना पानांच्या आवाजावरून कळत असेल,
किंवा नसेल.

रविवारी गाडी तनयकडे.
सोमवारी सीट मागे सरकलेली,
डिक्कीत दोन डंबेल, क्रिकेटची पेटी, वितळलेल्या बर्फाचं पाणी,
पुढच्या रिमवर ब्रेकची काळी भुकटी.
फुटाळ्यावर एसी लावून पोरं बसतात
दोन दोन तास. गाडी जागेवर, मीटर जागेवर,
टाकी मात्र प्रवासात.
आणि निघाले की सिग्नल ते सिग्नल असे सुटतात
जसं पुढच्या चौकात कोणी फुकट जेवू घालून राहिलं.
किलोमीटर म्हणाल तर सत्तर. चारशेतले सत्तरच.
पण ते सत्तर
माझ्या तीनशेतीसच्या ताटात हात घालतात.

दुर्पता म्हणाली, काहून जी, सांगून का नाही टाकत
त्या पोराचं नाव?
म्हटलं, नाव घेतलं तर नोकरी जाते,
आकडा दाखवला तर आकडाच बोलते.
ती कुकरच्या शिट्ट्या मोजत होती.
"मग बोलू द्या लवकर," म्हणे, "जूनमध्ये फी आहे."

शनिवारी संध्याकाळी टाकी काठोकाठ.
सोमवारी सकाळी त्याच पंपावर, त्याच नोझलला,
मॅडमना घेऊनच गेलो.
मीटरवर अडुसष्ट.
पंपावरचा पोऱ्या लिटर पुकारत गेला,
पाच... सात... साडेसात...
आठाच्या जरा पुढे क्लिक झालं.
मॅडमनी मोबाइलवर भागाकार केला.
मग पुन्हा केला.
भागाकार काही आईचं ऐकत नाही.

बिलाच्या चार घड्या पर्समध्ये गेल्या.
चूक झाली, असं कोणी म्हटलं नाही.
अजनी पुलापर्यंत त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या,
मग म्हणाल्या, "शालिक, एसी जरा कमीच ठेवत जा."
"होय," म्हटलं. बंदच केला, काच चार बोटं खाली.
भट्टीचं तोंड उघडावं तशी हवा आली,
मांडीवरचे रिपोर्ट फडफडले.

पुढे लाल. लांब होता अजून.
पाय उचलला.
मागचा हॉर्न वाजवून राहिला होता,
त्याला लाल दिव्यापाशी लवकर पोचायचं होतं.
पोचला तो, मला कापून,
ब्रेक मारून नाक पुढे करून उभा राहिला.
आम्ही घरंगळत गेलो तोवर हिरवा झाला,
थांबावंच लागलं नाही.

आरशात दिसलं, मॅडम किंचित वाकल्या होत्या
माझ्या पायाकडे पाहत.
तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.
एक चप्पल, आणि चपलेखाली
बावीस वर्षं जुना पापड.